तंबाखूच्या नावाने विकल्या जाणाऱ्या जुन्या धातूच्या मूर्ती: नेमका उपयोग कसा ओळखावा

आपण तीन वस्तूंची वर्णने आणि मापे कळवली आहेत. पहिली सुमारे ७ सेंटिमीटर उंचीची पितळी मूर्ती आहे. तीत टोपी घातलेला एक माणूस पाइप ओढत उभा आहे आणि त्याच्या पायांखाली १४ मिलिमीटर व्यासाची सपाट गोल चकती आहे. दुसरी वस्तू करड्या, काळपट धातूची आहे. हा पाठीवर पिंप घेतलेला माणूस असून पिंपाला बिजागरीचे झाकण, झाकणावर एक बारीक नळी आणि बैठकीच्या खालच्या बाजूस समांतर रेघांचा खरबरीत पट्टा आहे. तिसरी वस्तू म्हणजे अष्टकोनी बैठकीवर बसलेला ८२ ग्रॅम वजनाचा धातूचा पक्षी, ज्याला विक्रेत्याने ‘अफूचे वजन’ म्हटले आहे. तिन्ही वस्तू एकाच पेटीतून धूम्रपानाचे साहित्य म्हणून आपल्याकडे आल्या आणि त्या प्रत्यक्षात कशासाठी वापरल्या जात, असा आपला प्रश्न आहे.

माझे मत आधीच सांगतो. पहिली मूर्ती पाइपातला तंबाखू दाबण्याचे साधन, म्हणजे टॅम्पर आहे. दुसरी आगकाड्या ठेवण्यासाठी आणि पेटवण्यासाठी आहे. तिसरीचा धूम्रपानाशी थेट संबंध नाही. ती ब्रह्मदेशातील व्यापारी वजनांच्या घडणीची आहे. मात्र केवळ नावे कळून आपले काम भागणार नाही, कारण पेटीत पुढे आणखी वस्तू निघतील. म्हणून ही मते कोणत्या खुणांवरून बनतात, हे सविस्तर लिहितो.

या क्षेत्रातील बहुतेक चुकीच्या ओळखी मूर्तीच्या रूपावर विसंबल्यामुळे होतात. माणूस पाइप ओढताना दिसला की वस्तू धूम्रपानाची, आणि साधा कुत्रा किंवा घुबड दिसले की शोभेची, असे गृहीत धरले जाते. वास्तविक पश्चिम आफ्रिकेतील अकान लोकांनी सोन्याची भुकटी तोलण्यासाठी ओतलेल्या पितळी वजनांमध्येही पाइप ओढणारी माणसे आढळतात आणि त्या वजनांचा तंबाखूशी काही संबंध नसतो. उलट एखादे घुबड उचलून पाहावे तर त्याचे डोके बिजागरीवर मागे पडते आणि आत आगकाड्यांची जागा निघते. घडवणाऱ्याने कोणते रूप निवडले हा त्या काळच्या आवडीचा भाग होता. वस्तूचे काम मात्र तिच्या एखाद्या ठरावीक जागी होत असे, आणि तंबाखू, विस्तव किंवा हात यांपैकी कशाचा स्पर्श नेमका कोठे होत होता हे शोधणे हीच ओळखीची खरी सुरुवात होय. म्हणून मी मूर्ती हातात घेतली की प्रथम ती उलटी करतो आणि चेहरा सर्वांत शेवटी पाहतो.

आता आपली पहिली मूर्ती. पाइप ओढणाऱ्याला जळता तंबाखू मधूनमधून हलक्या हाताने दाबावा लागतो, नाहीतर तो मोकळा होऊन विझतो. बोटाने दाबले तर बोट भाजते, म्हणून सपाट टोकाचे छोटे साधन लागते. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून अशी पितळी साधने मूर्तींच्या रूपात ओतली जाऊ लागली. सैनिक, राजे, पाद्री, प्राणी, नुसता पाय किंवा मूठ असे त्यांचे असंख्य प्रकार आहेत. काहींच्या वरच्या टोकाला बोटात घालण्याजोगी कडी असते, तर काहींना पाइप कोरण्यासाठी अणकुचीदार सळई जोडलेली असते. रूप कोणतेही असो, खालची चकती पाइपाच्या तोंडात उतरली पाहिजे, ही अट कोणालाच चुकवता आली नाही.

याच अटीतून काळाचाही अंदाज येतो. सतराव्या शतकाच्या आरंभी तंबाखू महाग होता आणि मातीच्या पाइपांची तोंडे फार लहान असत. पुढे तंबाखू स्वस्त होत गेला तशी ती मोठी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ब्रायर लाकडाचे पाइप आले, आणि त्यांच्या तोंडाचा आतला व्यास साधारण १८ ते २० मिलिमीटर असतो. त्यामुळे ८-९ मिलिमीटरची चकती जुन्या मातीच्या पाइपाकडे बोट दाखवते, तर आपल्या मूर्तीची १४ मिलिमीटरची चकती ब्रायर पाइपाला सहज चालणारी आहे. एवढ्यावरून वर्ष ठरत नाही, पण आपली मूर्ती एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा विसावे शतक या काळातील असण्याची शक्यता मी अधिक धरतो.

खात्रीसाठी चकतीची कड भिंगाखाली पाहावी. खरोखर वापरलेल्या टॅम्परची कड सर्व बाजूंनी सारखी झिजून गोलसर झालेली असते. चकतीच्या खालच्या पृष्ठावर राखेने झालेले अगदी बारीक, दिशाहीन ओरखडे असतात आणि चकती जेथे पायांना मिळते त्या खोबणीत तंबाखूच्या डिंकासारख्या अर्काचा तपकिरी काळा थर साठलेला असतो. हा थर पाण्याने लगेच निघत नाही. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा त्यावर टेकवला तर बोळ्यावर पिवळट तपकिरी डाग उतरतो आणि बऱ्याचदा तंबाखूचा शिळा वासही येतो. बोळा अगदी कोपऱ्यात, टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर टेकवावा, कारण तो थर हाच आपला पुरावा आहे. वरच्या भागाची झीज याला जुळली पाहिजे. चिमटीत धरण्याच्या जागी, म्हणजे मूर्तीच्या खांद्यांवर आणि टोपीवर, नक्षी पुसट झालेली असेल आणि घोट्यांजवळची नक्षी त्या मानाने ताजी असेल, तर ती मूर्ती चिमटीत धरून वापरली गेली यात फारशी शंका उरत नाही.

टॅम्परशी गल्लत होऊ शकेल अशा वस्तू थोड्याच आहेत. मुद्रेची मूठही अशीच दिसते, पण तिच्या तळाला उलटी अक्षरे किंवा चिन्ह कोरलेले असते. यात एक अडचण आहे: काही जुन्या टॅम्परांच्या तळाशी मुद्राही कोरलेली असे, त्यामुळे कोरीव काम दिसले म्हणून टॅम्पर नाही असे म्हणता येत नाही, काजळीची खूण तेथेही शोधावी. चमच्याच्या दांड्यावरची मूर्ती कापून टॅम्पर म्हणून विकली गेली असेल तर पायाखाली करवतीची किंवा कानशीची ताजी खूण दिसते आणि चकती नंतर डाग देऊन जोडलेली असते. मूर्ती आतून पोकळ असून खालचे तोंड उघडे असेल तर ती बहुधा मेणबत्ती विझवण्याची टोपी किंवा छोटी घंटा असते.

पहिल्या वस्तूच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. विसाव्या शतकात कादंबऱ्यांतील प्रसिद्ध पात्रांचे आणि निरनिराळ्या शहरांच्या चिन्हांचे पितळी टॅम्पर स्मृतिचिन्हे म्हणून मोठ्या प्रमाणावर तयार झाले. त्यांचे पितळ पिवळेधमक असते, साच्याची शिवण घाईने कानस मारून मोडलेली असते आणि नक्षीच्या खाचा उथळ असतात. ते टॅम्परच आहेत, उपयोगाबद्दल वाद नाही. फक्त त्यांना दोनशे वर्षांचे म्हणू नये. ब्रिटिश वस्तूवर समभुज चौकोनाच्या आकाराची नोंदणीखूण असेल तर ती १८४२ ते १८८३ या काळातील नक्षीची, आणि नुसता नोंदणी क्रमांक असेल तर १८८४ नंतरची असते. मात्र ही खूण नक्षी केव्हा नोंदवली ते सांगते. तोच साचा पुढे अनेक वर्षे वापरात राहू शकतो. देशाचे नाव उमटवलेले असेल तर १८९० च्या अमेरिकी आयात कायद्याची आठवण ठेवावी, कारण त्यानंतर अमेरिकेत जाणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले.

दुसरी वस्तू समजून घेण्यासाठी आगकाडीचा इतिहास थोडा पाहावा लागतो. घासून पेटणारी काडी जॉन वॉकर या इंग्लिश औषधविक्रेत्याने १८२६ मध्ये शोधली आणि १८२७ पासून विकली. पुढे पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या आल्या, त्या कोणत्याही खरबरीत पृष्ठावर पेटत. इतकेच नव्हे, तर खिशात एकमेकींवर घासूनही पेटत. म्हणून त्या धातूच्या बंद डबीत ठेवणे आवश्यक झाले. मेणाच्या दांडीच्या काड्यांना व्हेस्टा म्हणत, आणि त्यावरून या डब्यांनाही तेच नाव पडले. खिशातली डबी चपटी असे; टेबलावर किंवा चुलीच्या कठड्यावर ठेवायची डबी मूर्तीच्या रूपात घडवली जाई. पिंप, पोते, टोपली, बूट, झाडाचे खोड हे मूर्तीतले भाग सहसा उगाच नसतात: त्यांच्या पोकळीत काड्या उभ्या राहतात.

आपण सांगितलेला तळाचा खरबरीत पट्टा हा येथे निर्णायक पुरावा आहे. त्यावर काडी ओढली जाई. तो तळाशी आहे याचा अर्थ वस्तू हातात उचलून, तिरपी करून काडी ओढत असत. काही मूर्तींत तो पाठीवर, झाकणाच्या आत किंवा बैठकीच्या कडेलाही असतो. रेघांची टोके मधल्या भागात बोथट झालेली आणि दोन्ही कडांना तीक्ष्ण राहिलेली आहेत का, हे पाहावे. खोट्या किंवा न वापरलेल्या वस्तूत त्या सगळीकडे सारख्याच असतात.

झाकणावरची बारीक नळी पाहून अनेकजण चक्रावतात आणि तेथे काही भाग तुटला आहे असे समजतात. ती नळी एकच पेटलेली मेणकाडी उभी खोचण्यासाठी आहे. दिवा मालवल्यानंतर अंथरुणापर्यंत जाण्यापुरता उजेड त्या काडीने मिळे, आणि मोहोर लावताना लाख वितळवण्यासाठीही ती उपयोगी पडे. म्हणजे आपली दुसरी वस्तू धूम्रपान करणाऱ्याने वापरली असेलच, पण ती केवळ त्याच्यासाठी घडवलेली नव्हती. घरातल्या सर्वांचा विस्तव तिच्यातून निघत असे. नळीच्या तोंडाशी आतून मेणाचा पिवळट थर आणि भोवती काजळीचे वर्तुळ मिळाले तर ओळख पक्की समजावी.

काळाच्या दृष्टीने येथे एक चांगली मर्यादा मिळते. सुरक्षित आगकाडी १८५० च्या दशकात स्वीडनमधील योन्शोपिंग येथून बाजारात आली. तिला पेटण्यासाठी पेटीच्या कडेवरचा लाल फॉस्फरसचा लेप लागतो. नुसत्या धातूच्या रेघांवर ती पेटत नाही. पांढऱ्या फॉस्फरसमुळे कारखान्यांतील कामगारांचा जबडा सडत असे. त्यामुळे १९०६ च्या बर्न करारानंतर अनेक देशांनी त्याच्यावर बंदी आणली, ब्रिटनमध्ये ती १९१० पासून लागू झाली, आणि अमेरिकेने १९१२ मध्ये जबर कर लावून तो वापर संपवला. कोठेही पेटणाऱ्या काड्या दुसऱ्या रसायनाने पुढेही बनत राहिल्या, पण सुरक्षित काड्यांच्या पेट्या आणि लायटर यांनी त्यांची जागा घेतली. अशा रेघांच्या मूर्ती म्हणून मुख्यतः १८३० ते १९२० या काळातल्या असतात. आयताकृती पेटी सरकवून बसवण्याची चौकट असलेल्या मूर्ती पेटीच्या काड्यांसाठी आहेत आणि सामान्यतः उत्तरकाळातल्या आहेत. कृपया एक गोष्ट पाळावी: पिंपात जुन्या काड्या सापडल्या तर त्या ओढून पाहू नयेत आणि उघड्या हाताने हाताळू नयेत, पांढरा फॉस्फरस जहाल विष आहे.

करड्या धातूबद्दल. बैठकीच्या खाली, दिसणार नाही अशा जागी सुईने हलका ओरखडा काढावा. सोनेरी किंवा तांबूस चमक आली तर पितळ किंवा कांसे, चांदीसारखी करडी चमक आली तर जस्ताचे ओतीव काम, ज्याला बाजारात स्पेल्टर म्हणतात. लोहचुंबक चिकटला तर बीड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कांशाचा रंग दिलेली जस्ताची कामे मोठ्या प्रमाणात झाली आणि आजही ती कांशाच्या नावाने विकली जातात. ओरखडा नको असेल तर वस्तू हवेत तोलावी, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून किती पाणी सरकते ते मोजावे: घन सेंटिमीटरला जस्त सुमारे ७.१ ग्रॅम, पितळ ८.५ च्या आसपास, कांसे ८.८ च्या जवळ आणि शिसे ११.३ ग्रॅम भरते. पोकळीत हवा अडकली तर उत्तर चुकते, म्हणून ही चाचणी भरीव वस्तूंवरच विश्वासार्ह आहे.

आपला पक्षी नेमका तसाच भरीव आहे. ब्रह्मदेशात आणि लगतच्या प्रदेशात शतकानुशतके व्यापारासाठी पशुपक्ष्यांच्या आकारांची धातूची वजने ओतली जात. हंसासारखा पक्षी आणि सिंहासारखा काल्पनिक पशू हे त्यांतील दोन मुख्य आकार. परिमाण ठरलेले होते: १ टिकल म्हणजे सुमारे १६.३ ग्रॅम, आणि १०० टिकलांचा १ विस, म्हणजे साधारण १.६३ किलो. वजने १००, ५०, २०, १०, ५, २, १ टिकल आणि त्याहून लहान अपूर्णांकांत असत. मोठ्या वजनांना उचलण्यासाठी कमानीसारखी कडी असे. या हिशेबाने ५ टिकल ८१.५ ग्रॅमच्या जवळ येतात आणि आपला पक्षी ८२ ग्रॅम आहे. हा मेळ योगायोगाने बसणे कठीण आहे.

‘अफूचे वजन’ हे नाव विक्रेत्यांनी आणि प्रवाशांनी रूढ केले. अफू तोलण्यासाठी कोणी ही वजने कधी वापरलीच नसतील असे मी म्हणणार नाही, कारण बाजारात जे तोलले जाई ते सर्व यांनीच तोलले जाई. पण त्यांचे मुख्य काम चांदी, मसाले आणि अन्य माल तोलण्याचे होते. राजा मिंडोन याने १८६५ मध्ये मंडालेच्या टांकसाळीत नाणी पाडण्यास आरंभ करेपर्यंत तेथे चांदीचे व्यवहार वजनावरच चालत. १८८५ नंतर संपूर्ण देश ब्रिटिशांच्या ताब्यात गेला आणि ही वजने मागे पडली. अफूच्या नावाने वस्तूला गूढपणा येतो आणि किंमत वाढते, पण तिचा खरा इतिहास त्याने झाकला जातो, याचे मला वाईट वाटते. नकलाही खूप आहेत. त्यांचे वजन बहुधा या मालिकेत कोठेच बसत नाही, कारण नक्कल करणारा सहसा केवळ आकार उचलतो. आपल्या पक्ष्याचे वजन बसते, ही त्याच्या बाजूने मोठी गोष्ट आहे. मात्र विकण्यासाठी वजन जुळवूनही नक्कल करता येते, म्हणून बैठकीच्या कोपऱ्यांची झीज जरूर पाहावी; तराजूच्या पारड्यात वर्षानुवर्षे ठेवलेल्या वजनाचे खालचे काठ बोथट असतात आणि चोचीखालच्या खाचेत जुना, घट्ट बसलेला थर असतो.

पेटीत आणखी काही निघाले तर सिगार कटरवर विशेष लक्ष ठेवावे, कारण तो सर्वांत जास्त वेळा खेळणे म्हणून दुर्लक्षिला जातो. सिगारचे बंद टोक छाटल्याशिवाय ती ओढता येत नाही, म्हणून मूर्तीत कोठेतरी निमुळते होत जाणारे गोल भोक असते, त्याच्या आत पाते, आणि ते पाते चालवणारा एखादा हलता भाग: जबडा, शेपूट किंवा टोपी. पाते गंजून अडकलेले असते आणि मूर्तीचा जबडा नुसताच सैल आहे असे वाटते. भोकात उजेड टाकून पाहावे. जोर लावून जबडा हलवू नये. अक्रोड फोडण्याच्या अडकित्त्यालाही असाच जबडा असतो, पण त्यात पाते नसते आणि आतले पृष्ठ खाचांचे असते.

लायटरच्या मूर्तींत मशाल, दिवा किंवा कळस धरलेला हात दिसतो आणि आत स्पिरिटची टाकी व वातीची नळी असते. तळात तोटी आणि नळी जोडण्याचे टोक असेल तर ती दुकानाच्या गल्ल्यावर गॅसच्या ज्योतीने चालणारी वस्तू होती. ठिणगीचे चाक असेल तर ती १९०३ नंतरची, कारण चकमकीच्या जागी वापरला जाणारा मिश्रधातू कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी त्या वर्षी पेटंट केला. अधिकच्या चिन्हाच्या खाचेचे स्क्रू मूळचे असतील तर वस्तू १९३० च्या दशकाच्या मध्यापूर्वीची नसते. शेपूट फिरवली की सिगारेट बाहेर टाकणारे बिडाचे हत्ती हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. मूर्तीच्या अंगाला दोन जोडलेली भोके असून त्यांतून दोरी ओवता येत असेल, तर जपानी पद्धतीने तंबाखूचा बटवा कमरपट्ट्याला अडकवण्याचा खुंटा आहे का, हेही पाहावे. झाकणभर भोके असलेल्या मूर्ती बहुधा धूपदाण्या असतात, तंबाखूच्या नसतात.

तूर्त तिन्ही वस्तूंना पॉलिश लावू नये आणि गरम पाण्यात धुऊ नये. कोरड्या मऊ ब्रशने धूळ तेवढी झाडावी आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण जुन्या मिश्रधातूत शिसे असू शकते. पहिल्या मूर्तीच्या चकतीची कड, दुसरीच्या नळीचे तोंड आणि रेघांचा मधला भाग, तसेच पक्ष्याच्या बैठकीचा तळ, यांचे बाजूने पडणाऱ्या उजेडात काढलेले जवळचे फोटो पाठवले, तर काळाबद्दल मी याहून नेमके सांगू शकेन.